दोन मापे आणि एक मूल

राज्याची नियतकालिक चाचणी व राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण यांचा तुलनात्मक विचार
(राणीसावरगाव परिसरातील प्राथमिक शिक्षकांसाठी व्याख्यान)



शेतकऱ्याच्या वर्षात धान्य मोजण्याचे दोन प्रसंग येतात. पहिला खळ्यावर व दुसरा मोंढ्यात. खळ्यावर तो आपल्या घरच्या मापाने मोजतो. कारण बियाण्यासाठी किती राखावे, घरी खाण्यास किती लागेल आणि विकावयास किती काढावे, हे त्याला ठरवावयाचे असते. मोंढ्यात माल दुसऱ्याच्या काट्यावर चढतो व इतरांच्या मालाशी त्याची तुलना होते. खळ्यावरचे माप कोणी फुगवून मोजले, तर त्याने मोंढ्याचे काही बिघडत नाही. बिघडते ते घरचे. दहा पायल्यांच्या जागी बारा लिहून ठेवणाऱ्याला ऐन पेरणीच्या वेळी बी कमी पडते.

प्राथमिक शाळेतील मुलाच्या शिक्षणाचेही आज असेच दोन प्रकारे मापन होते. एक माप राज्याचे व दुसरे राष्ट्राचे. दोहोंच्या प्रश्नपत्रिका वरवर पाहता सारख्या दिसतात. दोहोंत भाषा असते, गणित असते, आणि दोहोंचा निकाल शेवटी आकड्यांत येतो. त्यामुळे ही दोन्ही मापे एकच आहेत, असा समज सहज होतो. वस्तुतः ती दोन भिन्न प्रश्नांची उत्तरे देतात. हा भेद ध्यानात न घेता आकडे वाचले, तर चांगल्या शाळेवर अन्याय होतो. आणि ज्या मुलास मदतीची खरी गरज असते ते मूल नजरेआड होते. म्हणून या भेदाचा सावकाश विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम राज्याच्या चाचणीचा विचार करू. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ अमलात आल्यानंतर महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत सुरू झाली. वर्षभर चालणारे आकारिक मूल्यमापन व सत्राच्या अखेरीस होणारे संकलित मूल्यमापन, असे तिचे दोन भाग होत. पुढे २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू झाला आणि राज्यभर एकाच स्वरूपाची पायाभूत चाचणी घेण्यात येऊ लागली. त्यानंतर जागतिक बँकेच्या साह्याने सहा राज्यांत हाती घेण्यात आलेल्या 'स्टार्स' प्रकल्पाखाली २०२३-२४ या वर्षी महाराष्ट्रात नियतकालिक मूल्यांकन चाचण्या सुरू झाल्या. त्या वर्षी तिसरी ते आठवीच्या मुलांना प्रथम भाषा, गणित व इंग्रजी या विषयांत वर्षाच्या आरंभी पायाभूत चाचणी आणि पुढे संकलित एक व संकलित दोन, अशा तीन चाचण्या देण्यात आल्या. प्रश्नपत्रिका पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडून आल्या. परंतु चाचणी घेणारे, उत्तरपत्रिका तपासणारे व गुणांची नोंद करणारे हात वर्गशिक्षकाचेच होते.

या चाचणीचे मर्म दोन गोष्टींत आहे. ती प्रत्येक मुलाची होते आणि तिची उत्तरपत्रिका शिक्षकाच्या हाती राहते. समजा, चौथीतील एका मुलीने बावन्नातून सत्तावीस वजा करून पस्तीस हे उत्तर लिहिले. गुण शून्य. पण शिक्षकाने उत्तरपत्रिका पुढे घेऊन पाहिली की, त्याला त्या शून्याच्या आतील गोष्ट दिसते. मुलीने दशकाच्या घरात पाचातून दोन बरोबर वजा केले आहेत. एककाच्या घरात मात्र दोनातून सात जात नाहीत असे पाहून तिने सातांतून दोन वजा केले आहेत. तिला वजाबाकी येते. दशक सुटा करणे येत नाही. हा दोष काड्यांचे गठ्ठे सोडून दाखविले की काही तासांत दूर होण्यासारखा आहे. शेजारच्या मुलाने त्याच उदाहरणाचे उत्तर एकोणऐंशी लिहिले असेल, तर त्याची अडचण अगदी वेगळी आहे. त्याने बेरीज केली आहे, म्हणजे चिन्हाकडे त्याचे लक्ष गेलेले नाही. दोघांचे गुण सारखे, पण दोघांचे औषध निराळे. हे निदान उत्तरपत्रिकेवाचून होत नाही. राज्याच्या चाचणीचा खरा उपयोग गोषवाऱ्यात नाही, तो या उत्तरपत्रिकेत आहे.

आता राष्ट्रीय सर्वेक्षणाकडे वळावे. १९६१ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने देशातील मुलांच्या संपादणुकीची सर्वेक्षणे वेळोवेळी केली आहेत. १३ नोव्हेंबर २०१७ रोजी झालेल्या सर्वेक्षणात तिसरी, पाचवी व आठवीची सुमारे २२ लक्ष मुले होती, आणि त्याचा निकाल जिल्हा हा घटक धरून देण्यात आला. १२ नोव्हेंबर २०२१ च्या सर्वेक्षणात दहावीचाही समावेश झाला व सुमारे ३४ लक्ष मुलांनी प्रश्नपत्रिका सोडविल्या. त्यानंतर परिषदेअंतर्गत स्थापन झालेल्या 'परख' या संस्थेने ४ डिसेंबर २०२४ रोजी राष्ट्रीय सर्वेक्षण केले. या वेळी इयत्ता बदलल्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातील टप्प्यांना धरून तिसरी, सहावी व नववी हे वर्ग घेण्यात आले. ७८१ जिल्ह्यांतील ७४,२२९ शाळा आणि सुमारे २१ लक्ष १५ हजार मुले त्यात होती.

हे आकडे मोठे वाटतात. पण ते जिल्ह्यांत वाटून पाहावेत. सरासरीने एका जिल्ह्याच्या वाट्याला तिन्ही इयत्ता मिळून सुमारे ९५ शाळा व २,७०० मुले येतात. परभणी जिल्ह्याचे तालुके नऊ. हाच हिशेब लावला तर एका तालुक्यात दहा-अकरा शाळा, आणि त्याही जिल्हा परिषदेच्या, खाजगी व इतर, प्राथमिक व माध्यमिक अशा सर्व मिळून. म्हणजे राणीसावरगावच्या आसपासच्या वाड्यातांड्यांवरील बहुतेक शाळांना या सर्वेक्षणाचा कागद दिसतही नाही. तरीही सर्वेक्षण खोटे ठरत नाही. शितावरून भाताची परीक्षा होते, ही गोष्ट प्रत्येक घरात रोज सिद्ध होते. मात्र शितावरून सांगता येते ते भाताविषयी; त्या भांड्यातील दुसऱ्या एखाद्या विशिष्ट शिताविषयी नव्हे. राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या जिल्हापत्रकावरून परभणी जिल्ह्यातील तिसरीच्या मुलांची संख्याज्ञानातील स्थिती कळेल. राणीसावरगावच्या शाळेची स्थिती त्यावरून कळणार नाही, आणि एखाद्या मुलाची तर मुळीच नाही. त्या सर्वेक्षणात कोणत्याही मुलास गुणपत्रक मिळत नाही, ते याच कारणाने.

दोन मापांतील भेद आता थोडक्यात असा मांडता येईल. राज्याची चाचणी सर्वांची, राष्ट्रीय सर्वेक्षण नमुन्याचे. पहिली वर्गशिक्षक घेतो. दुसऱ्यासाठी बाहेरचा अन्वेषक शाळेत येतो. पहिलीचे उत्तर शिक्षकास उद्या वर्गात काय शिकवावे हे सांगते. दुसऱ्याचे उत्तर शासनास पुढील काही वर्षांत कोठे लक्ष द्यावे हे सांगते. पहिली वर्षातून तीनदा होते. दुसरे तीन-चार वर्षांतून एकदा. पहिले खळ्यावरचे माप आहे व दुसरे मोंढ्यातील काटा आहे.

या दोहोंत आणखी दोन परीक्षांची सरमिसळ होऊ नये. पाचवी व आठवीच्या अखेरीस २०२३-२४ पासून जी वार्षिक परीक्षा सुरू झाली, तिचा संबंध पुढील वर्गात जाण्याशी आहे. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा ही निवडीची परीक्षा आहे. जी मुले तिला बसतात त्यांच्यापुरतीच ती बोलते. शिष्यवृत्तीत दोन मुले झळकली म्हणून वर्गातील उरलेल्या पंचवीस मुलांचे वाचन चांगले आहे, असे सिद्ध होत नाही.

दोन मापांचे आकडे जुळत नाहीत, तेव्हा पुष्कळदा कोणीतरी खोटे बोलत आहे असे मानले जाते. ते नेहमीच बरोबर नसते. परखच्या २०२४ च्या सर्वेक्षणात तिसरीच्या मुलांची भाषेतील राष्ट्रीय सरासरी शेकडा ६४ आली. त्याच वर्षी 'प्रथम' या संस्थेच्या 'असर' या ग्रामीण सर्वेक्षणात तिसरीतील शेकडा २७ मुलांनाच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. चौसष्ट कोठे आणि सत्तावीस कोठे! पण पहिल्या आकड्याचा अर्थ, मुलांनी सरासरीने शंभरांपैकी चौसष्ट प्रश्न बरोबर सोडविले, असा आहे. दुसऱ्याचा अर्थ, शंभरांपैकी सत्तावीस मुले तो संपूर्ण उतारा वाचू शकली, असा आहे. पहिल्यात शहरे व खेडी दोन्ही आहेत, दुसऱ्यात केवळ खेडी. पहिले शाळेत घेतले जाते, दुसरे घरोघर जाऊन एकेका मुलाला जवळ बसवून केले जाते. एकाने विहिरीची खोली हातांत सांगितली व दुसऱ्याने पाण्याची उंची पुरुषांत सांगितली, तर आकडे निराळे येणारच. आकड्यांची तुलना करण्यापूर्वी काय मोजले, कोणाचे मोजले व कसे मोजले, हे तीन प्रश्न विचारणे हा मापनशास्त्राचा पहिला पाठ होय.

याच न्यायाने २०१७, २०२१ व २०२४ च्या राष्ट्रीय निकालांचे आकडे एकापुढे एक लिहून जिल्हा वर गेला की खाली आला, असे घाईने सांगणेही चुकीचे आहे. २०१७ साली निकाल बरोबर उत्तरांच्या शेकडेवारीने दिला होता. २०२१ साली ५०० च्या मोजपट्टीवर, आणि तीवर तिसरीची भाषेतील राष्ट्रीय सरासरी ३२३ व आठवीची गणितातील २५५ होती. २०२४ साली पुन्हा शेकडेवारी आली, पण इयत्ता बदलल्या. तिन्ही सर्वेक्षणांतून एक गोष्ट मात्र ठळकपणे दिसते. वरच्या वर्गात गणिताचा पाया ढासळलेला आढळतो. २०२४ मध्ये गणिताची राष्ट्रीय सरासरी तिसरीत ६०, सहावीत ४६ व नववीत ३७ होती. नव्व्याण्णवपर्यंतच्या संख्या चढत्या-उतरत्या क्रमाने लावणे हे काम तिसरीतील शेकडा ५५ मुलांनाच साधले. नववीतील मुलाचे गणित नववीत बिघडलेले नसते. ते तिसरी-चौथीत, दशक सुटा करण्याच्या त्या उदाहरणापाशी, अडलेले असते. म्हणून खालच्या वर्गातील खरे माप अधिक मोलाचे.

आता एका नाजूक पण आवश्यक प्रश्नाकडे वळले पाहिजे. आकडे निराळे येण्याचे कारण प्रत्येक वेळी मापाची पद्धत हेच असते असे नाही. कधी कधी माप फुगविलेले असते. मध्य प्रदेशात शासकीय चाचणी दिलेल्या मुलांची स्वतंत्र निरीक्षकांकडून पुन्हा तपासणी करण्यात आली, तेव्हा शासकीय चाचणीतील संपादणूक प्रत्यक्षाहून पुष्कळ अधिक दाखविली गेली होती, असे अर्थशास्त्रज्ञ अभिजीत सिंग यांच्या अभ्यासात आढळले. आंध्र प्रदेशात कागदाऐवजी टॅब्लेट यंत्रावर चाचणी घेऊन पाहिल्यावर तो फुगवटा बहुतांशी ओसरला. राष्ट्रीय सर्वेक्षणही या शंकेच्या पलीकडे नाही. २०१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणातील राज्यांच्या सरासरी इतर स्वतंत्र सर्वेक्षणांच्या मानाने बऱ्याच अधिक असल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने दाखविले. बाहेरचा अन्वेषक आला म्हणजे माप आपोआप चोख होते, असे समजण्याचे कारण नाही.

हा दोष कोणा एका देशाचा किंवा एका काळाचा नाही. इंग्लंडात १८६२ साली मुलांच्या वाचन-लेखन-गणिताच्या परीक्षेवर शाळेचे अनुदान ठरविण्याची पद्धत सुरू झाली. तेथे शाळा-निरीक्षक म्हणून काम करणारे कवी मॅथ्यू अर्नोल्ड यांनी तिच्यावर कठोर टीका केली. कारण शिक्षण आटून त्याच्या जागी परीक्षेपुरती घोकंपट्टी उरली होती. शतकाच्या अखेरीस ती पद्धत सोडून देण्यात आली. अमेरिकेत १९६९ पासून नमुन्यावर आधारलेले राष्ट्रीय मापन चालू आहे. २००२ साली तेथे झालेल्या कायद्याने प्रत्येक राज्यावर तिसरी ते आठवीच्या मुलांची दरवर्षी चाचणी घेण्याची सक्ती केली व २०१४ पर्यंत सर्व मुले प्रवीण झाली पाहिजेत असे ठरविले. प्रावीण्याची रेषा कोठे ओढावी हे मात्र राज्यांवर सोपविले. परिणाम असा झाला की, अनेक राज्यांच्या चाचणीत प्रवीण ठरलेल्या मुलांचे प्रमाण राष्ट्रीय मापनात पुष्कळ कमी भरू लागले. रेषा खाली ओढली की मुले वर गेल्यासारखी दिसतात. अटलांटा शहरात तर गोष्ट याहून पुढे गेली. २०११ साली राज्य शासनाने प्रसिद्ध केलेल्या चौकशी अहवालात ४४ शाळांत गैरप्रकार आढळले व १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांचा त्यांत संबंध असल्याचे नमूद झाले. ज्या आकड्यावर बक्षीस वा शिक्षा लटकविली जाते, तो आकडा खरा राहत नाही, हे या साऱ्याचे तात्पर्य.

परंतु फुगविलेल्या आकड्याने नुकसान कोणाचे होते? अधिकाऱ्याचे नाही, त्याच्या पत्रकात चांगला निकाल येतो. शाळेचेही वरवर पाहता नाही. नुकसान होते त्या चौथीतील मुलीचे. फळ्यावर उत्तर लिहून दिले व तिने पंचवीस हा आकडा उतरवून घेतला, तर तिला पूर्ण गुण मिळतात. आणि त्याच क्षणी ज्या मुलांना मदत हवी अशा मुलांच्या यादीतून तिचे नाव वगळले जाते. पाचवीत गेल्यावर नवा शिक्षक तिच्या गुणांकडे पाहून तिला भागाकार शिकवू लागतो. ती गप्प राहते. गप्प राहण्याची सवय झालेले मूल पुढे शाळा सोडते, तेव्हा त्याचे कारण दारिद्र्य असे नोंदले जाते. कारणाचा एक धागा त्या खोट्या पंचविसापर्यंत जातो, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. दयेपोटी दिलेला एक गुण ही मुलावरील दया नव्हे.

राणीसावरगावच्या परिसरात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. गोदावरीकाठची काळी जमीन मागे टाकून गंगाखेडहून दक्षिणेस आले की, बालाघाटच्या डोंगरांचा मुलूख सुरू होतो. जमीन हलकी व पाऊस बेभरवशाचा. येथील अनेक कुटुंबे उचल घेऊन मुकादमाबरोबर ऊसतोडीस जातात. एक कोयता म्हणजे पतिपत्नी. आणि त्यांच्यामागे घरी सांभाळणारे कोणी नसले की मुलेही गाडीत बसतात. साखर कारखान्यांचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. आता सर्वेक्षणांच्या तारखा पुन्हा आठवाव्यात: १३ नोव्हेंबर, १२ नोव्हेंबर, ४ डिसेंबर. तिन्ही तारखा हंगामातल्या. त्या दिवशी वर्गात हजर असलेली मुलेच प्रश्नपत्रिका सोडवितात. उसाच्या फडात असलेले मूल नमुन्यात येत नाही. म्हणजे शीत निवडण्यापूर्वीच भाताचा एक भाग भांड्याबाहेर गेलेला असतो. ज्या डोंगरी पट्ट्यातून स्थलांतर अधिक, तेथील चित्र त्यामुळे प्रत्यक्षाहून बरे दिसण्याचा संभव राहतो.

राज्याची पायाभूत चाचणी हंगामाच्या कितीतरी आधी, शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या महिन्यांत होते. त्या वेळी हे मूल गावात असते, वर्गात असते. वर्षातून त्याचे खरे माप घेण्याची हीच एक संधी. राष्ट्रीय सर्वेक्षण जे पाहू शकत नाही, ते राणीसावरगावचा शिक्षक पाहू शकतो. म्हणून पायाभूत चाचणीची उत्तरपत्रिका या मुलाच्या बाबतीत दुप्पट जपली पाहिजे. स्थलांतरित मुलांना जे शिक्षण हमी कार्ड द्यावयाचे असते, त्याबरोबर 'वाचन: जोडाक्षराशिवायचे शब्द येतात, वजाबाकी: दशक सुटा करणे बाकी' अशा दोन ओळी गेल्या, तर कारखान्याजवळच्या शाळेतील अनोळखी शिक्षकाला त्या शंभर गुणांच्या पत्रकापेक्षा अधिक उपयोगी पडतील. जे मूल आजी-आजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहाच्या सोयीने मागे राहिले, त्याच्याबाबतीत त्याच नोंदीवरून जानेवारीपर्यंत काय भरून काढावयाचे हे ठरविता येते. आणि संकलित दोन चाचणीच्या वेळी जे मूल परतलेले नाही, त्याच्या रकान्यात 'गैरहजर' हाच शब्द लिहिला जावा. रिकामा रकाना अंदाजाने भरला की, ते मूल कागदावर शिकलेले ठरते व पुढील वर्षीच्या मदतीतून सुटते.

भाषेचाही विचार येथेच करावयास हवा. दोन्ही चाचण्यांची मराठी ग्रांथिक आहे. तांड्यावरच्या मुलाच्या घरी गोरमाटी बोलतात. कित्येक घरांत दखनी. ज्या घरी मराठी बोलतात तेथेही ती मराठवाड्याच्या वळणाची असते. गणितातील शाब्दिक उदाहरण चुकले, तेव्हा गणित चुकले की वाक्य कळले नाही, हे लेखी उत्तरावरून ओळखता येत नाही. तेच उदाहरण मुलाच्या बोलीत तोंडी सांगून पाहावे. उत्तर आले, तर औषध भाषेचे द्यावयाचे आहे. केंद्रीय परिषदेने मार्च २०२२ मध्ये तिसरीच्या सुमारे ८६ हजार मुलांची पायाभूत पाहणी केली, ती कागदावर नव्हे, तर एकेका मुलाला समोर बसवून; वीस भाषांत झालेल्या त्या पाहणीत मराठीही होती. लहान मुलाचे वाचन कानांनीच तपासावे लागते, हे त्यातून मान्य झाले. वर्गशिक्षकाला हे दर आठवड्यास करता येते.

या विवेचनातून काही व्यवहारातील गोष्टी निघतात. चाचणी संपली की उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधून कपाटात टाकू नयेत. प्रत्येक वर्गाचा एक चुकांचा तक्ता करावा आणि त्यात गुणांऐवजी चुकीचा प्रकार व मुलांची नावे लिहावीत. जवळच्या दोन शाळांनी आपसांत ठरवून एकमेकांच्या काही उत्तरपत्रिका तपासाव्यात. त्यात अविश्वास नसून दोन काटे एकमेकांशी जुळवून घेणे आहे. राष्ट्रीय सर्वेक्षणाचे जिल्हापत्रक केंद्राच्या शिक्षण परिषदेत वाचावे, ते क्रमांक पाहण्यासाठी नव्हे. त्यात कोणती अध्ययन निष्पत्ती कच्ची दिसते ते हेरून तेच काम आपल्या वर्गात तोंडी करून पाहावे. सर्वेक्षणापूर्वी महिनाभर नमुना-प्रश्नांचा सराव करून घेण्यात मुलांचा महिना जातो व देशाला चुकीची माहिती मिळते. दोहोंतून कोणाचेच हित होत नाही.

आणि एक गोष्ट पर्यवेक्षकांनी करावयाची आहे. केंद्रप्रमुख वा विस्तार अधिकारी यांनी कमी गुणांचे पत्रक पाहून शिक्षकास खुलासा मागितला, तर पुढील वर्षी त्यांना कमी गुणांचे पत्रक दिसणार नाही. मुले मात्र तेथेच असतील. खरे पत्रक देणाऱ्या शिक्षकास संरक्षण व साह्य मिळाले पाहिजे. जेथे कमी गुण, तेथे प्रथम पुस्तके, मार्गदर्शन व शिक्षकांची रिक्त पदे यांचा विचार झाला पाहिजे. राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या तारखा ठरविताना ऊसतोडीच्या जिल्ह्यांतील हंगाम ध्यानात घ्यावा, ही मागणीही जिल्ह्यातूनच वर गेली पाहिजे. दिल्लीत बसून बालाघाटातील रिकामा बाक दिसत नाही.

मोंढ्यातील काटा शासनाच्या हाती आहे. तो अचूक असावा यासाठी शासनाने झटावे. खळ्यावरचे माप मात्र शिक्षकाच्या हाती आहे, आणि राणीसावरगावच्या परिसरातील मुलाच्या दृष्टीने तेच अधिक महत्त्वाचे. कारण त्यावरच त्याच्या पुढील वर्षाची पेरणी अवलंबून आहे. ते माप उणे भरले तर उणे लिहावे. उणे लिहिलेले भरून काढता येते. भरलेले म्हणून लिहिलेले मात्र कोणीही पुन्हा पाहत नाही.